"अजून नाही" म्हणणाऱ्या ऑग्डनबाई

कॉल्डरशॉमध्ये मिल रोड जिथे चर्च स्ट्रीटला मिळतो तिथे प्राथमिक शाळेचं फाटक आहे, आणि त्या फाटकासमोरूनच दगडाच्या खाणीतले ट्रक उतारावरून येतात. त्या जागी थेल्मा ऑग्डन चोवीस वर्षं काठी घेऊन उभ्या राहत होत्या. काठी म्हणजे पुरुषभर उंचीचा दांडा आणि त्याच्या टोकाला परातीएवढी गोल पाटी. पाटीवर वर लिहिलेलं 'थांबा', मध्ये एक काळा पट्टा, आणि खाली 'मुलं'. ती दिसते लॉलीपॉपसारखी, म्हणून अशी काठी धरणाऱ्या बाईला देशभर लॉलीपॉपवाली म्हणतात. थेल्माबाईंना ते नाव आवडत नसे. "मी काय जत्रेत उभी आहे का?" असं त्या विचारत. त्यामुळे मुलं त्यांना ऑग्डनबाई म्हणत.

त्यांची कामाची एक पद्धत होती. फुटपाथच्या कडेपासून हातभर मागे त्यांनी पिवळ्या रंगाची एक रेघ मारलेली होती. ती नगरपालिकेने मारलेली नव्हती. दर ऑगस्टमध्ये त्या स्वतः गुडघे टेकून ती पुन्हा रंगवत, आणि रंग त्यांचे यजमान क्लिफर्ड बस डेपोतून आणत. मुलांनी बुटांची टोकं त्या रेघेमागे ठेवायची.

"पाऊल मागे," त्या म्हणत. "गाड्यांकडे नको, माझ्याकडे बघा. गाड्यांकडे मी बघते."

मग "अजून नाही… अजून नाही…" असं म्हणत त्या एकट्या रस्त्याच्या मधोमध जात, काठी टेकवत, दुसरा हात आडवा करत आणि दोन्ही बाजूंच्या ड्रायव्हरांच्या डोळ्यांत बघत. चाक जरासं जरी हलत असलं तरी ती गाडी थांबली असं त्या मानत नसत. सगळी चाकं थांबली की मगच त्या वळून म्हणत, "आता."

१९७९च्या हिवाळ्यात बर्फामुळे ट्रक फार हळू येत होते, आणि मुलं थंडीने पाय आपटत उभी राहायची. आपटायचेच आहेत तर नीट आपटा, म्हणून थेल्माबाईंनी ठेका लावून दिला: दोनदा पाय, एकदा टाळी, मग थोडं गप्प. बर्फ वितळला तरी ठेका राहिला. मोठी मुलं छोट्यांना शिकवत आणि अकराव्या वर्षी मोठ्या शाळेत जात.

क्लिफर्ड नऊ नंबरची बस चालवायचे. बायको दिवसातून चार वेळा त्यांची बस अडवायची. "लग्नात वचन दिलं होतं, ऐकेन म्हणून," ते प्रवाशांना सांगत, "पण इतकं वाटलं नव्हतं." त्यांना मूलबाळ नव्हतं. कुणी तो विषय काढला तर थेल्माबाई म्हणत, "सकाळी एकशे चाळीस, दुपारी एकशे चाळीस. आणखी किती हवीत?"

येत्या जुलैत त्यांना पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती, आणि निवृत्तही व्हायचं होतं. त्यांच्या आधीच्या हेलिवेलबाईंनी घालून दिलेली रीत होती: शेवटच्या दिवशी शेवटचं मूल पलीकडे पोचवायचं, तशीच काठी खांद्यावर घेऊन बाजारातून चालत नगरपालिकेत जायचं आणि आपल्या हाताने टेबलावर ठेवायची. थेल्माबाईंना तेवढं करायचं होतं. बाकी निरोप समारंभ, केक, भाषण काही नको होतं.

त्यातच ऑक्टोबरात ते पत्र आलं.

झालं असं होतं, की एका सकाळी मुलं आत गेल्यावर त्या टोपी काढत असताना पिकल्स म्हातारे कडेला येऊन उभे राहिले. वय शहाऐंशी, हातात छडी. चर्चमध्ये चाळीस वर्षं ऑर्गन वाजवलेला माणूस. वारा असा होता की त्यांना छडीवरचा हात सोडून हॅट धरता येईना. थेल्माबाईंनी टोपी पुन्हा घातली, रस्ता थांबवला आणि त्यांना पलीकडे नेलं. गाडीत घाईत बसलेल्या एकाने तक्रार केली. कायद्याप्रमाणे ती काठी फक्त शाळेच्या मुलांसाठी होती, मोठ्या माणसासाठी वाहतूक थांबवायचा तिला अधिकार नव्हता. रस्ता सुरक्षा विभागाच्या होल्रॉइड साहेबांनी लिहिलं होतं: 'पुन्हा असे घडल्यास काठी जमा करून घेण्यात येईल.'

थेल्माबाईंनी ते पत्र शेकोटीवरच्या फळीवर घड्याळाखाली ठेवलं.

"जमा करून घेतील म्हणे," त्या म्हणाल्या. "मी द्यायची ती यांनी घ्यायची."

"जुलैपर्यंत म्हाताऱ्यांकडे बघू नकोस," क्लिफर्ड म्हणाले. "माझ्याकडेसुद्धा."

पिकल्सना हे कळलं तेव्हा ते फार ओशाळले. त्यांनी तंबाखू आणायची वेळ बदलली. साडेतीनला शाळा सुटली की ते मुलांच्या रांगेत सगळ्यात शेवटी, बुटांची टोकं रेघेमागे ठेवून उभे राहू लागले. रस्ता मुलांसाठी थांबलेलाच असे. "मुलांच्या मागून कोण आलं ते मी मोजत नाही," थेल्माबाई म्हणाल्या.

फेब्रुवारीत ते गाणं आलं.

गाणं 'लेट बेल' नावाच्या तीन मुलींचं होतं, आणि तिघी कॉल्डरशॉच्याच होत्या: बर्नी, डॉन आणि नसरीन. शाळेत असताना तिघी रोज घंटा झाल्यावर धावत यायच्या, म्हणून ते नाव. सतराव्या वर्षी त्या लंडनला गेल्या. तीन वर्षं त्यांची काही बातमी नव्हती, आणि एकदम हे त्यांचं पहिलंच गाणं. नाव 'अजून नाही'. पहिल्या आठवड्यात देशातल्या गाण्यांच्या खपाच्या क्रमवारीत चाळिसावं, दुसऱ्या आठवड्यात अकरावं.

थेल्माबाईंनी ते पहिल्यांदा ऐकलं ते रीटाच्या मासे-चिप्सच्या दुकानात. रीटाने रेडिओ मोठा केला होता आणि चिप्सवर मीठ शिंपडायचा डबा ती ठेक्यात हलवत होती.

*अजून नाही, अजून नाही,*
*पाऊल मागे घे.*
*डोळ्यांत माझ्या बघ आधी,*
*म्हणेन तेव्हा ये.*

"पुरुषांना बरोबर जागा दाखवली आहे," रीटा म्हणाली. "मी माझ्या पहिल्या नवऱ्याला असं सांगितलं असतं तर दुसरा करावा लागला नसता."

"दुसरा चांगला आहे ना पण?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"झोपलेला असतो तेव्हा."

सगळ्यांनाच त्या गाण्याचा अर्थ माहीत होता, आणि प्रत्येकाचा वेगळा होता. वर्तमानपत्रात छापून आलं की ते बर्नीच्या एका फुटबॉलपटू मित्राला उद्देशून आहे. पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रवचनात ते संयमासाठी वापरलं. क्लिफर्डचं म्हणणं होतं की ते चहाबद्दल आहे, कारण चांगला चहा मुरायला वेळ द्यावा लागतो आणि लंडनच्या लोकांना ते कळत नाही.

थेल्माबाईंनी पुढचं ऐकलं. कडवं संपलं, आणि दोनदा पाय, एकदा टाळी, मग थोडं गप्प. त्यांनी चिप्सचं पुडकं छातीशी धरलं आणि त्या तडक घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी रेघेवर उभी असलेली एकशे चाळीस मुलं गात होती.

"माझ्या रेघेवर रेडिओ नको," थेल्माबाई म्हणाल्या.

"रेडिओ नाही बाई," सहा वर्षांची एक मुलगी म्हणाली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. "हे आपलं आहे. त्यांनी घेतलंय."

"पाऊल मागे."

मोठ्या माणसांपैकी हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण मोठी माणसं त्या रेघेवर कधी उभी राहत नव्हती. ती एकतर गाडीत असायची किंवा लहानपणीचं विसरलेली असायची. मुलांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. थेल्माबाईंनाही कळलं होतं, पण त्यांच्या मनात वेगळंच आलं. बर्नी आठ वर्षांची असताना क्लिफर्डची जुनी टोपी आणि केरसुणीचा दांडा घेऊन त्यांची नक्कल करायची. हुबेहूब करायची, अगदी सर्दी झाल्यावर नाक कसं पुसतात तेसुद्धा. एकदा थेल्माबाईंनी तिला सगळ्यांदेखत कॉलर धरून मागे ओढलं होतं, कारण ती टोपी घालून खरोखर रस्त्यात उतरली होती. त्या दिवसानंतर नक्कल बंद झाली.

"ती माझी फजिती करते आहे," त्या क्लिफर्डना म्हणाल्या. "सगळ्या देशासमोर."

"फजिती करायला कुणी इतकं चांगलं गात नाही," क्लिफर्ड म्हणाले.

रविवारी संध्याकाळी दोघं रेडिओसमोर चहा घेऊन बसली. क्रमवारी खालून वर वाचत आणतात. दहा झालं, पाच झालं, दोन झालं. क्लिफर्डनी कप खाली ठेवला. पहिल्या क्रमांकावर 'अजून नाही' होतं. शेजारच्या घरातून भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला: दोनदा, मग एकदा. समोरच्या घरातल्या दिव्याने उघडझाप केली. मिल रोडवर लोक दारं उघडून बाहेर आले, जणू त्या तिघी प्रत्येकाच्याच मुली होत्या. थेल्माबाईही बाहेर आल्या. त्यांच्या गालांवर रंग चढला होता, तो त्यांनी थंडीच्या नावावर घातला.

मार्चमध्ये टीव्हीवाले आले. तिघी मुली जुन्या शाळेत परत येतात, असा कार्यक्रम होता. थेल्माबाईंना पिवळा कोट आणि टोपी घालून दुपारी दोनला यायला सांगितलं होतं. दोनला ऊन चांगलं असतं, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. तो लांब मफलर घातलेला, नम्र तरुण होता.

"बाई, तुम्ही फक्त नेहमीसारखा रस्ता थांबवायचा," तो म्हणाला. "या तिघी या बाजूने त्या बाजूला जातील. दोन मिनिटांचं काम."

थेल्माबाईंनी इकडेतिकडे बघितलं. फाटकाच्या आत शाळा भरलेली होती, गजांमागे एकही मूल नव्हतं. फुटपाथवर अर्धं गाव जमलं होतं. रीटा दुकान बंद करून आली होती. पिकल्स होते. आणि नवा टाय लावून होल्रॉइड साहेब होते. नगरपालिकेचंही नाव टीव्हीवर यावं म्हणून ते मुद्दाम आले होते.

"मुलं कुठे आहेत?" थेल्माबाईंनी विचारलं.

"मुलं कशाला? या आहेत ना."

"या वीस वर्षांच्या आहेत."

दिग्दर्शकाने होल्रॉइडांकडे पाहिलं. होल्रॉइड पुढे आले आणि घसा साफ करून म्हणाले, "मिसेस ऑग्डन, आजच्या दिवस चालेल. मी परवानगी देतो."

"तोंडी?"

"म्हणजे… हो."

"तुमचं पत्र मात्र लेखी आहे," थेल्माबाई म्हणाल्या. "घड्याळाखाली ठेवलं आहे. रोज चावी देताना वाचते. हे पिकल्स इथे वाऱ्यात उभे होते, त्यांच्यासाठी रस्ता थांबवला तर तुम्ही काठी जमा करणार होता. आता टीव्हीवर दिसतंय म्हणून थांबवू? पाटीवर काय लिहिलंय ते वाचा साहेब. मोठ्याने वाचा, यांनाही ऐकू जाऊ दे."

होल्रॉइडांनी पाटीकडे पाहिलं. "थांबा," ते हळूच म्हणाले. "मुलं."

"झालं तर."

कॅमेरा चालूच होता. दिग्दर्शकाने दोन्ही हात जोडल्यासारखे केले. ऊन जात होतं. आणि तेवढ्यात, या वादाशी आपला काय संबंध अशा थाटात, सोनेरी बूट घातलेली बर्नी स्वतःच रस्ता ओलांडायला फुटपाथच्या कडेवर आली. उतारावरून खाणीचा ट्रक वळत होता.

"अजून नाही," थेल्माबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "पाऊल मागे."

बर्नी मागे सरली. डॉन आणि नसरीनही मागे सरल्या. कुणी विचार करून केलं नाही, पायांनीच केलं. तिघींच्या बुटांची टोकं पिवळ्या रेघेमागे एका ओळीत आली, आणि तिघी ट्रककडे न बघता थेल्माबाईंच्या तोंडाकडे बघू लागल्या. ट्रक धुरळा उडवत निघून गेला.

मग रीटाच्या हातातली पिशवी खाली पडली. "अगं बाई," ती म्हणाली. "ते पुरुषांबद्दल नाहीच आहे."

बर्नी हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतलं काजळ ओघळलं. "शंभर वेळा विचारलं आम्हाला, कुठला मुलगा म्हणून," ती म्हणाली. "रेकॉर्ड कंपनीने सांगितलं, मुलगाच असू द्या, जास्त खपतं."

"माझी नक्कल केलीस," थेल्माबाई म्हणाल्या.

"केली ना. लंडनला एका खोलीत तिघी राहत होतो. बीन्स आणि पाव खाऊन. कुणीतरी यायचा, म्हणायचा, इथे सही करा, उद्या टीव्हीवर आणतो. माझा हात पेनाकडे जायचाच. तर डॉन तुमचा आवाज काढायची. अजून नाही. पाऊल मागे. आम्ही हसत सुटायचो, आणि सही राहून जायची. तीन कागद असे राहिले. तिन्ही ठिकाणी ज्या दुसऱ्या मुलींनी सही केली, त्या कर्जात बुडाल्या. चौथ्या वेळी ही नसरीन म्हणाली, चाकं थांबली आहेत. आता."

"ते मी म्हणाले," डॉन म्हणाली.

"तू फक्त 'अजून नाही' म्हणायचीस. 'आता' माझं," नसरीन म्हणाली.

"गप्प बसा दोघी," बर्नी म्हणाली. "बाई, थांब म्हणणारे आम्हाला खूप भेटले. पण ते सगळे फुटपाथवर उभे राहून म्हणायचे. आधी स्वतः जाऊन मध्ये उभं राहून म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच."

थेल्माबाईंनी टोपी सारखी केली. हातातली काठी होती तशीच सरळ राहिली.

"कॉलर ओढली होती तुझी," शेवटी त्या म्हणाल्या.

"बटण तुटलं होतं. आईने वर एक थप्पडही दिली."

"मग?" दिग्दर्शकाने आशेने विचारलं. "आता थांबवायचा का रस्ता?"

"मुलांना साडेतीनला सोडतात," थेल्माबाई म्हणाल्या. "यांना जायचं असेल तर पिकल्सच्या मागे उभ्या राहतील. मुलांच्या मागून कोण आलं ते मी मोजत नाही." होल्रॉइडांनी पुटपुटल्यासारखं केलं की नियमाला हे धरून आहे, आणि टाय सैल केला.

मग सगळं गाव दीड तास थांबलं. रीटाने दुकान उघडलं. देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या तिघी मुली भिंतीवर बसून कागदातले चिप्स खाऊ लागल्या, आणि रीटाने व्हिनेगर कमी घातलं म्हणून नसरीनने तिच्याशी भांडण काढलं. पिकल्सनी बर्नीला सांगितलं की गाण्याचं तिसरं कडवं अर्धा सूर वर हवं होतं. तिने ते कागदावर लिहून घेतलं.

साडेतीनला फाटक उघडलं. रेघेवर एकशे चाळीस मुलं, त्यांच्यामागे पिकल्स, त्यांच्यामागे तिघी. दोनदा पाय, एकदा टाळी. थेल्माबाई मधोमध गेल्या. वरून नऊ नंबरची बस आली, आणि क्लिफर्डनी ती इतकी लवकर थांबवली की प्रवासी पुढे झुकले. थेल्माबाईंनी चाकं बघितली, मग त्या वळल्या आणि म्हणाल्या, "आता."

कार्यक्रम दाखवला गेला तेव्हा त्यात ऊन नव्हतंच, पण कुणाची तक्रार आली नाही. गाणं आणखी सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. गाण्याच्या खपाबद्दल मिळालेली चौकटीतली सोनेरी तबकडी मुलींनी पाठवली, ती क्लिफर्डनी स्वयंपाकघरात लावली. तिच्यात बघून ते भांग पाडतात.

जुलैत शाळेच्या शेवटच्या दिवशी, पुढचे दोन दात आलेल्या त्या मुलीला थेल्माबाईंनी सगळ्यात शेवटी पलीकडे पोचवलं. मग काठी खांद्यावर घेऊन त्या बाजारातून चालत नगरपालिकेत गेल्या. होल्रॉइड उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला नाही. थेल्माबाईंनी काठी स्वतः टेबलावर ठेवली, पाटी वर, दांडा दाराकडे, आणि मगच ते म्हणाले, "मिळाली."

सप्टेंबरपासून काठी रीटाकडे आहे. दुपारचं तळण संपवून ती येते, कोटाला तेलाचा वास असतो. ऑगस्टमध्ये रेघ दोघींनी मिळून रंगवली. शाळा सुरू झाली त्या सोमवारी थेल्माबाई साडेतीनला पिशवी घेऊन आल्या आणि रांगेत शेवटी, पिकल्सच्या मागे उभ्या राहिल्या. रस्त्याच्या मधे रीटा अजून एका ट्रकवाल्याच्या डोळ्याला डोळा लावून उभी होती.

पिकल्स मागे वळले. त्यांनी छडीने खाली दाखवलं.

"मिसेस ऑग्डन," ते म्हणाले, "तुमच्या बुटाचं टोक रेघेवर आहे."

थेल्माबाईंनी खाली पाहिलं आणि पाऊल मागे घेतलं. दोनदा पाय आपटले, एकदा टाळी वाजवली, आणि सगळ्यांबरोबर रीटाच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.